मोडक्या हिराची पुडी

रंबाईच्या धक्क्यावर, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या डाव्या हाताला एक पर्जन्यवृक्ष आहे. आपल्याकडे जुन्या रस्त्यांच्या कडेला गुलाबी तुऱ्यांचे जे डेरेदार झाड दिसते, तेच. संध्याकाळी पाचच्या सुमारास ते पाने मिटून घेते, म्हणून मलाय लोक त्याला पाच वाजताचे झाड म्हणतात. त्याच्या खाली एक टपरी आहे. पत्र्याचे छप्पर, एक लांब टेबल, दोन बाके आणि लाकडावर पेटणारी चूल, एवढाच तिचा संसार. सकाळी इथे नासी लेमाक मिळतो. म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात. त्यावर सांबाल नावाची लाल मिरचीची चटणी, बोटाच्या पेराएवढी तळलेली सुकी मासळी, शेंगदाणे आणि काकडीच्या चकत्या, शिवाय कधी उकडलेले अंडे तर कधी तळलेला मासा. सगळे केळीच्या पानात बांधलेले, हातात घेतले की गरम लागणारे. एका पुडीला आमच्या हॉटेलातल्या चहापेक्षा कमी पैसे पडतात, आणि तो चहा पिववत नव्हता.

मलेशियात इतर ठिकाणी पुडीवर खूण असते. आत काय आहे ते बाहेरून कळावे म्हणून कुणी पान वेगळे दुमडतो, कुणी रबर लावतो. इथल्या पुड्यांवर खूण नाही. आणि टेबलाच्या टोकाला एक पान उघडेच ठेवलेले असते. त्यावर नुसता भात आणि भातावर नारळाच्या झावळीतला एक हीर, ज्यांचा आपण खराटा बांधतो त्यांतला, मधोमध मोडून ठेवलेला. येणारा प्रत्येक माणूस आपल्या पुडीतले काहीतरी त्या पानावर ठेवतो.

आम्ही गेलो तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. सहलीचा सहावा दिवस होता आणि बाकीची मंडळी हॉटेलात झोपून राहिली होती. आम्ही तिघेच उतरलो, इचलकरंजीचे चौगुले काका, काकू आणि मी. माझे बुकिंग मुळात दोघांचे होते. त्यातले एक रद्द करून मी आलो होतो. काकूंनी पहिल्या दिवशी विचारले, बायको वारल्याचे मी सांगितले. त्यानंतर तो विषय निघाला नाही. फक्त बसमध्ये काकू माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवू लागल्या.

आमच्या वाटाड्याचे नाव अय्याकण्णू. वय सत्तरीच्या पुढे. रबराच्या मळ्यावरच्या तमिळ शाळेत त्यांनी जन्मभर मास्तरकी केली होती. हिंदी सिनेमे पाहून ते हिंदी शिकले होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मधूनच एखादे फार भारदस्त वाक्य येई. चौगुले काका पहिल्या तासातच त्यांना गुरुजी म्हणू लागले होते.

"गुरुजी, बाईंना विचारा की, मासे नसलेली पुडी कुठली," काका म्हणाले. "आमच्या मंडळींचा आज गुरुवार आहे."

टपरीवाल्या बाईंचे नाव रोहाया. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, डोक्याला फिकट निळा रुमाल. अय्याकण्णूंनी त्यांना काही विचारलेच नाही. "विचारून उपयोग नाही. तिलाही माहीत नाही."

"पुड्या बांधल्या कुणी मग?"

"तिनंच. पण बांधून झाल्या की टोपली हलवते. मुद्दाम."

"म्हणजे मी काकडी खाऊन उठायचं का?" काकू म्हणाल्या.

"उघडा तर. इथं आपली पुडी आपणच खायची असं नसतं."

काकूंनी पान उघडले. आत डोळ्यासकट एक अख्खा मासा होता.

"गुरुवार बघूनच आलाय," काका म्हणाले.

काकूंनी तो मासा दोन बोटांनी, तोंड फिरवून, माझ्या पानात सरकवला. माझ्या पुडीत अंडे निघाले होते, त्याचाही त्यांना उपयोग नव्हता. समोर पोस्टाच्या गणवेशातला एक माणूस जेवत होता. त्याने आपल्याकडचे शेंगदाणे आणि काकडी काकूंच्या पुढे सारली आणि माझे अंडे उचलून घेतले. अय्याकण्णूंनी सुकी मासळी आणि चटणीही बाजूला करायला सांगितली, कारण चटणीतही ती मासळी वाटलेली असते. काकूंनी कोरा भात तोंडात घातला, थोडा वेळ चावला आणि म्हणाल्या, "नुसताच चांगला लागतोय की." मग त्यांचे लक्ष टेबलाच्या टोकाकडे गेले. "हा नैवेद्य कुणाचा?"

"नैवेद्य नाही," अय्याकण्णू म्हणाले. "ज्यानं खायचंय तो जिवंत आहे. तुम्ही जेवा, मी सांगतो. ही गोष्ट मलाय लोक एका तऱ्हेनं सांगतात, चिनी दुसऱ्या तऱ्हेनं. मी आमच्या मळ्यावर सांगतात तशी सांगतो."

ती अशी.

नदीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट आहे म्हणे. पलीकडच्या तीरावर रबराचे मळे होते, त्यांच्याही पलीकडे कथलाच्या खाणी. अलीकडच्या वस्त्यांतली माणसे रोज उजाडताना होडीने पलीकडे जात आणि दुपार कलल्यावर परत येत. चिकासाठी रबराच्या झाडांना काप देणाऱ्या तमिळ बाया, खाणीतले चिनी मजूर, मलाय नावाडी. तिघांची भाषा वेगळी, देव वेगळे, आणि धक्क्यावर बसायच्या जागाही वेगळ्या होत्या. एकच गोष्ट सगळ्यांची सारखी होती. ती म्हणजे या झाडाखालची न्याहारी.

ती न्याहारी विकणारे नवरा-बायको मलाय होते. त्याचे नाव देरिस, तिचे सेनाह. मलाय भाषेत पाक म्हणजे बाप आणि मक म्हणजे आई. वडीलधाऱ्यांना सगळे अशीच हाक मारतात, म्हणून ती दोघे पाक देरिस आणि मक सेनाह. त्यांना मूलबाळ नव्हते. पाक भात शिजवायचा. नारळ खवणे, दूध पिळणे, भातात केवड्याच्या जातीचे एक सुगंधी पान गाठ मारून टाकणे, चूल सांभाळणे, हे त्याचे काम. भात कधी करपू द्यायचा नाही आणि कधी चिकट होऊ द्यायचा नाही, एवढेच तो जाणत होता, पण ते तो फार चांगले जाणत होता. पाट्यावर चटणी वाटणे, पुड्या बांधणे आणि माणसांना त्या देणे हे तिच्याकडे होते. तो चुलीकडे तोंड करून बसायचा, ती धक्क्याकडे तोंड करून. दोघांची पाठ एकमेकांना लागलेली. बावीस वर्षे ती दोघे अशी बसत होती, असे सांगतात.

सेनाह पुडी बांधून पानाला हीर टोचायची. एक हीर म्हणजे अंडे. दोन हीर म्हणजे मासा. हीर नसला तर साधी पुडी. तीन हीर असले तर ती शुक्रवारची. शुक्रवारी मळ्यावरच्या बायकांचा वार असे, म्हणून त्या पुड्यांत मासळी नाही, अंडे नाही, आणि चटणीही निराळ्या पाट्यावर वाटलेली. हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिने एकदा पाहिले की एक बाई शुक्रवारी पुडी घेते पण उघडत नाही, आणि पुढच्या शुक्रवारी तिने दुसरा पाटा आणला. त्या बाईचे नाव मुनियम्मा.

"आमच्या पणजीचं नाव मुनियम्माच होतं," अय्याकण्णू इथे थांबून म्हणाले. "पण मळ्यावर त्या काळी दर चौथ्या बाईचं नाव मुनियम्मा असे. तेव्हा मी काही दावा करत नाही."

एके वर्षी तापाची साथ आली. एका सकाळी पुड्या बांधून झाल्या, टोपली भरली, आणि सेनाह बसल्या जागी आडवी झाली. पाकने चूल विझवली, टोपली तशीच झाडाखाली ठेवली आणि तिला घरी नेले. तिसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला तेव्हा ती त्याला म्हणाली, "खुणा सांगून ठेवते. एक हीर म्हणजे..." तो तिच्या कपाळावरचे फडके बदलत होता. तो म्हणाला, "बरी झालीस की सांग." ती म्हणाली, "बरं." चौथ्या दिवशी ती गेली.

सातव्या दिवसाचे जेवण झाल्यावर, आठव्या दिवशी, पाक देरिस टपरीवर आला. त्याने टोपली उघडली. बाकीच्या पुड्या लोकांनी पहिल्याच दिवशी नेल्या होत्या. तळाशी एकच उरली होती. मुंग्यांनी ती आतून इतकी साफ केली होती की पान धुतल्यासारखे दिसत होते. त्या पानाला एक हीर टोचलेला होता. मधोमध मोडलेला. त्याने तो काढून रुमालाच्या टोकाला बांधला आणि चूल पेटवली.

इथे मलाय लोक सांगतात की पाक फार शूर होता. अय्याकण्णूंना ते पटत नाही. "तो दमला होता," ते म्हणाले. "रडणं काही दिवसांत संपतं. मग माणूस दमतो, आणि ते कुणाला दिसत नाही. दमलेला माणूस काय करतो? कालचंच काम आज करतो. नवीन काही ठरवायला लागत नाही म्हणून."

आता भातही त्याचा, चटणीही त्याची आणि पुड्याही त्याच्याच. त्याने हीर टोचायला घेतले तेव्हा त्याच्या लक्षात आले की बावीस वर्षांत आपण मागे वळून एकदाही पाहिले नाही. कशाला किती हीर, हे त्याला ठाऊक नव्हते. कुणाला विचारावे तर बायकोची साधी खूण आपल्याला माहीत नाही हे जगाला कळणार. त्याने अंदाजाने टोचले. एका दिवशी त्याला वाटे एक हीर म्हणजे मासा, दुसऱ्या दिवशी वाटे नाही, अंडे. त्याला झोप लागत नव्हती. कधी टोचायचे राहून जाई, कधी चार टोचले जात.

पहिल्या दिवशी लोकांनी सवयीने हीर पाहून पुड्या उचलल्या. होडीत बसण्याआधी त्या उघडल्या तर एकाचीही बरोबर नव्हती. शुक्रवार होता, आणि मुनियम्माच्या तीन हिरांच्या पुडीत मासा होता. ती ते पान हातात घेऊन उभी राहिली. मग काय झाले कोण जाणे, ती झाडाच्या बुंध्यामागे गेली. बुंधा रुंद, त्यामागे बसलेला माणूस चुलीपाशी बसलेल्याला दिसत नाही. तिथे खाणीतला एक मजूर, आह फूक, साध्या पुडीकडे पाहत बसला होता. त्याला रोज मासा लागे. मुनियम्माने आपले पान त्याच्यापुढे ठेवले. त्याने आपले तिच्यापुढे सारले. चिनी माणसाच्या हातचे तोवर तिने काही खाल्ले नव्हते. त्या दिवशी तिने चटणी आणि सुकी मासळी बाजूला केली आणि भात खाल्ला.

हळूहळू सगळेच बुंध्यामागे बसू लागले. गोल करून बसायचे, पाने उघडायची, ज्याचे त्याला द्यायचे आणि मग जेवायचे. जेवण झाले की पुढे येऊन म्हणायचे, "पाक, नेहमीसारखंच." कुणी ठरवले नव्हते. पण दमलेल्या माणसाला त्याची चूक सांगायची नाही, यावर तिन्ही भाषांतल्या लोकांचे एकमत झाले होते. आणि पाक देरिसला वाटू लागले की खुणा आपल्याला जमल्या. बायकोचे बाकी काहीच त्याच्याकडे नीट उरले नव्हते. तिचा आवाजही पुसट होत चालला होता. खुणा तेवढ्या उरल्या, असे तो मनाशी म्हणायचा. तो स्वतः मात्र टपरीवरचा घास खात नव्हता. घरी जाऊन उकडलेला कंद खायचा, कधी तोही नाही.

चाळिसाव्या दिवशीही जेवण घालायची रीत आहे. त्या सकाळी भात जास्त शिजवला होता. सगळ्यांना संध्याकाळी घरी या म्हणून सांगावे, या विचाराने पाक चुलीपासून उठला आणि झाडाला वळसा घालून मागे गेला.

पन्नास-साठ माणसे गोल बसली होती. मधे पाने उघडी होती. एका पानातून दुसऱ्या पानात मासे जात होते, अंडी जात होती. मुनियम्माच्या हातात तीन हीर होते आणि ती हसत आह फूकला म्हणत होती, "आज तीन हिरांत काय निघालं बघ, नुसता काटा." मग तिने वर पाहिले.

पाक तसाच वळला. परत आला, चुलीवर पाणी ओतले आणि घरी गेला. संध्याकाळी घरी कुणाला बोलावले नव्हते, कुणी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माणसे उपाशीपोटी पलीकडे जात होती. आणि असे सांगतात की त्या तीन दिवसांत या झाडाने सकाळी पाने उघडली नाहीत. संध्याकाळी मिटली ती मिटलेलीच राहिली.

"खरंच?" काकूंनी विचारले.

"आभाळ भरलेलं असलं तरी हे झाड पानं मिटतं," अय्याकण्णू म्हणाले. "आभाळ असेल. मी मास्तर होतो, मला दोन्ही सांगावं लागतं."

चौथ्या दिवशी मुनियम्मा कामावर गेली नाही. तिने आह फूकला बरोबर घेतले आणि दोघे पाकच्या घरी गेले. तो पायरीवर बसला होता.

"पाक, माझे काप वाकडे जायला लागलेत," मुनियम्मा म्हणाली. "मुकादम म्हणतो, झाडाला दाढी करतेस की काय."

पाक म्हणाला, "तुम्ही माझ्यावर दया करत होता."

"दया कसली?" आह फूक म्हणाला. "हिच्या वाटचा मासा मला मिळत होता. माझं तर म्हणणं होतं की असंच चालू दे."

पाक हसला नाही. मग मुनियम्माने जमिनीवर काड्या मांडल्या आणि एकेक करून सांगितले. एक म्हणजे अंडे. दोन म्हणजे मासा. तीन म्हणजे माझा शुक्रवार. त्याने नीट ऐकून घेतले. शाळेत बसल्यासारखे, असे अय्याकण्णूंच्या मळ्यावर सांगतात. मग त्याने रुमालाची गाठ सोडली आणि तो मोडका हीर त्या काड्यांशेजारी ठेवला.

"आणि हा?"

मुनियम्माने हीर उचलून पाहिला. "असा मला कधी आला नाही." आह फूकलाही आला नव्हता. म्हणून तिघे धक्क्यावर आले. दिवसभर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तो हीर दाखवला. नावाड्यांना दाखवला, मळ्यावरच्या बायकांना दाखवला, खाणीवरून परतणाऱ्या मजुरांना दाखवला. बावीस वर्षे जे जे त्या टोपलीतून जेवले होते, त्यांतल्या एकालाही मोडक्या हिराची पुडी कधी मिळाली नव्हती.

संध्याकाळ झाली. शेवटची होडी लागली. तिच्यातल्या शेवटच्या माणसानेही मान हलवली तेव्हा पाक देरिस खाली बसला.

"मग तो माझा," तो म्हणाला.

सगळी गिऱ्हाइके गेली की सेनाह पाठीमागे हात करून त्याच्या हातात एक पान द्यायची. उघडूनच द्यायची. तो ते एका हाताने खायचा आणि दुसऱ्या हाताने चुलीतली लाकडे मागे ओढायचा. पुडीला काही टोचलेले असते हे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

"काय असायचं त्यात?" आह फूकने विचारले.

पाकने सांगण्यासाठी तोंड उघडले. आणि त्याला सांगता येईना. मासा असायचा? अंडे असायचे? निराळी खूण आहे म्हणजे त्यात सगळ्यांहून निराळे काहीतरी असणार. ते काय होते? बावीस वर्षे रोज खाल्लेले, आणि त्याला चव आठवेना. शेवटी तो म्हणाला, "गरम असायचं. एवढंच आठवतं."

मुनियम्माने डोक्यावरचे फडके सोडले, पुन्हा बांधले आणि म्हणाली, "सकाळी भात लावा. शोधू."

दुसऱ्या दिवशी चूल पेटली. झाडाने पाने उघडली होती, असे सांगतात. पाकने साठ पुड्या बांधल्या आणि एकीलाही हीर टोचला नाही. तिच्या खुणा तिच्या हातच्या, म्हणाला, आणि तुम्हाला एकमेकांचे आता माहीत झाले आहे. मग त्याने एक पान उघडे पसरले, त्यावर नुसता भात घातला आणि भातावर तो मोडका हीर ठेवला. लोक आता बुंध्यामागे गेले नाहीत, समोरच बसले. मुनियम्मा म्हणाली, "तिला तळाची खरपुडी आवडायची, तीच ठेवली असेल." तिने आपल्या भातातली खरपुडी काढून त्या पानावर ठेवली. आह फूकने माशाचा गालाचा तुकडा ठेवला, कारण मासा करणारी बाई तो तुकडा आपल्या माणसासाठी राखते हे त्याला माहीत होते. एका नावाड्याने मीठ ठेवले. कुणी कैरीची फोड, कुणी अर्धे अंडे, कुणी फक्त चार शेंगदाणे, जास्तीचे परतलेले. सगळ्यांचे झाल्यावर पाकने चाळीसहून जास्त दिवसांत पहिल्यांदा आपल्या चुलीवरचा घास तोंडात घातला.

"हेच होतं का?" मुनियम्माने विचारले.

त्याने चावून पाहिले. गिळले. पुन्हा एक घास घेतला.

"नाही," तो म्हणाला. "पण जवळ आलं. उद्या बघू."

आणि त्याने त्या वेळी बोलून दाखवले की ती चव सापडेपर्यंत एक दिवसही चूल बंद ठेवणार नाही. मलाय लोक त्याला नवस म्हणतात. अय्याकण्णू म्हणतात की ते केवळ दुसऱ्या दिवसाचे काम होते. रोज एक.

त्यानंतर पाक देरिस एकोणीस वर्षे जगला. रोज लोक विचारत आणि रोज तो म्हणे, जवळ आलं. मग एके सकाळी, तोवर तो फार थकला होता, पुड्या दुसरे कुणीतरी बांधत होते, त्याने त्या पानातला पहिला घास घेतला आणि थांबला. लोकांनी विचारले, "हेच होतं का?" तो बोलला नाही. हात आपोआप चुलीकडे गेला आणि एका हाताने लाकडे मागे ओढत त्याने ते पान शेवटच्या शितापर्यंत संपवले. त्या दुपारी तो झोपला तो उठला नाही.

मग लोकांनी ते पान आठवायचा फार प्रयत्न केला. त्या दिवशी त्यात काय काय होते? पण प्रत्येकाला फक्त आपण काय ठेवले तेवढेच आठवत होते. आणि काही जण पुलासाठी दगड फोडायला आलेले, वाटेचे लोक होते. ते जेवून निघून गेले होते. त्यांनी काय ठेवले ते कुणी पाहिले नव्हते.

अय्याकण्णू थांबले. त्यांनी आपल्या पानातली काकडी खाल्ली. चौगुले काका म्हणाले, "गुरुजी, यात एक शंका आहे. त्या पुडीत निराळं काहीच नसलं तर? नुसती त्याची म्हणून खूण केली असली तर?"

"मुलं वर्गात हेच विचारायची," अय्याकण्णू म्हणाले. "दरवर्षी एक तरी."

"मग तुम्ही काय सांगायचा?"

"मी म्हणायचो, असेल."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले. "तुम्हाला आमटीत काय घालते ते विचारलं तर सांगता येईल?"

"आमसूल," काका म्हणाले.

"चिंच," काकू म्हणाल्या. "एकतीस वर्षं."

काकांनी आपल्या पुडीतल्या माशाच्या पोटाकडचा चांगला तुकडा काढला आणि उठून टेबलाच्या टोकाशी जाऊन ठेवला. काकूंनी शेंगदाणे ठेवले. माझ्या पानात काकूंनी दिलेल्या माशाचा काटा आणि थोडा भात उरला होता. ठेवण्यासारखे काही दिसेना. भात अजून कोमट होता. मी त्यातला एक घास उचलला आणि त्या पानावर, मोडक्या हिराशेजारी ठेवला. अय्याकण्णूंनी मान डोलावली. चालते म्हणाले.

आजही रंबाईच्या धक्क्यावर त्या झाडाखालची चूल एक दिवसही बंद नसते. नदीवर आता पूल आहे आणि होडीने कुणी जात नाही, तरी लोक वाट वाकडी करून येतात. रोज्यांच्या महिन्यात ती सकाळी पेटत नाही, संध्याकाळी पेटते, झाड पाने मिटते तेव्हा, आणि उपवास सुटल्यावर पान मांडले जाते. आजही पुड्यांवर खूण नसते आणि आपल्या पुडीतले आपल्यालाच मिळेल असे नसते. शेवटचे गिऱ्हाईक जेवून झाले की जो कुणी त्या दिवशी चुलीपाशी असेल तो ते उघडे पान पुढे ओढतो, मोडका हीर बाजूला काढून ठेवतो आणि खातो.

आम्ही निघालो तेव्हा रोहायाबाई बसल्या होत्या. पोस्टाचा माणूस पिशवी खांद्याला लावून उभा होता, पण गेला नव्हता. रोहायाबाईंनी घास घेतला, हात चुलीकडे नेला आणि एक लाकूड मागे ओढले. पोस्टाच्या माणसाने काहीतरी विचारले. त्या थोडा वेळ चावत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली आणि दोन-तीन शब्द बोलल्या.

"काय म्हणाल्या?" काकूंनी विचारले.

अय्याकण्णू पायऱ्या चढायला लागले होते. त्यांनी मागे न वळता सांगितले, "जवळ आलं. उद्या बघू."